तोंड नसलेली माणसं : हवानातले सात दिवस

पहिला दिवस

माझ्या बॅगेत कपडे कमी आणि पॉलिश पेपर जास्त होते. 80 नंबर, 120 नंबर, 220 नंबर, प्रत्येकी एक गड्डी. शिवाय छपाईच्या काळ्या शाईचे चार डबे, शाई पुसायचं जाळीदार कापड आणि फेव्हिकॉल. हवानाच्या विमानतळावरच्या तरुण अधिकाऱ्याने एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली आणि माझ्या भाचीला विचारलं, "या सुतारकाम करतात का?" भाची माद्रिदला नोकरी करते, तिचं स्पॅनिश पक्कं आहे. ती म्हणाली, "नाही, माझी मावशी छापचित्रं करते. हे सगळं इथल्या कार्यशाळेसाठी आणलंय." त्याने सगळं पुन्हा नीट आत भरून दिलं.

मी 22 वर्षं पुण्यात मुद्राचित्रण शिकवते. कोलोग्राफ शिकवायची वेळ आली की मुलांना सगळ्यात आधी क्युबातल्या एका छापचित्रकर्तीचं नाव सांगते : बेल्किस आयोन. कोलोग्राफला तांब्या-जस्ताचा पत्रा लागत नाही, आम्ल लागत नाही. जाड पुठ्ठा घ्यायचा, त्यावर कागद, कापड, वाळू, पॉलिश पेपर, हाताशी असेल ते चिकटवायचं. वरून वार्निश द्यायचं, शाई चोळायची, पुसायची आणि ओल्या कागदासकट प्रेसमधून काढायचं. पॉलिश पेपरचं खरखरीत अंग शाई धरून ठेवतं, तिथे मखमलीसारखं काळं उतरतं. गुळगुळीत भागावरची शाई पुसली जाते, तिथे पांढरं. एवढंच तंत्र. पण 1991 नंतर, सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबात पेट्रोल, कागद, साबण, अन्न सगळंच संपलं, त्या काळात आयोनने या पुठ्ठ्यांवर माणसापेक्षा मोठी चित्रं केली. एका कागदावर मावायची नाहीत म्हणून सहा-सहा, आठ-आठ कागदांवर छापून जोडली. 1993 साली तिला व्हेनिस बिएनालेचं, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाचं, बोलावणं आलं, तेव्हा गाडीला इंधन नव्हतं. चित्रांची गुंडाळी घेऊन ती सायकलने विमानतळावर गेली, सोबतीला वडील, तेही सायकलवर. मी ही गोष्ट वर्गात इतक्यांदा सांगितली आहे की शेवटी वाटलं, तो रस्ता एकदा डोळ्यांनी बघावा. टॅक्सीतून बघितला. लांब आहे, आणि चढउताराचा आहे.

सेंट्रो हवानातल्या घरगुती मुक्कामी पोचलो तेव्हा गल्लीत मिट्ट काळोख होता. इथे वीज जाण्याला आपागोन म्हणतात. हा शब्द पुढचे सात दिवस आम्ही 'नमस्कार'पेक्षा जास्त वेळा ऐकला. घरमालकीणबाईंनी मेणबत्ती धरून जिना दाखवला, काळ्या घेवड्याची उसळ आणि भात पुढे ठेवला. साल 2025, महिना फेब्रुवारी.

दुसरा दिवस

सकाळी चालत राष्ट्रीय कलासंग्रहालयात. क्युबन चित्रकलेची इमारत वेगळी आहे, त्रोकादेरो रस्त्यावर, 1954 सालची. आम्ही दारं उघडण्याआधीच जाऊन उभ्या राहिलो.

वरच्या मजल्यावर विफ्रेदो लाम भेटला. वडील चिनी, आई आफ्रिकन आणि स्पॅनिश वंशाची. 1902 साली साखरेच्या मुलखात जन्मला, पॅरिसला गेला, पिकासोच्या वर्तुळात वावरला आणि युद्धामुळे परत आल्यावर त्याला आपलं बेट नव्याने दिसलं. त्याच्या चित्रांतली माणसं अर्धी ऊस, अर्धी घोडा, अर्धी देवता असतात. क्युबात आज जे कोणी आफ्रिकेहून आलेल्या देवाधर्माकडे वळून चित्र काढतात, त्यांच्यासाठी दार लामने उघडलं.

पण माझे पाय अडले ते आंतोनिया एइरिसपाशी. तिचं 'आनुन्सियासिओन' हे चित्र 1963-64 चं. शिलाई मशीनपाशी बसलेली एक गरोदर बाई, आणि तिला शुभवार्ता द्यायला आलेला देवदूत म्हणजे हाडांचा सापळा. बाई मागे रेललेली, हात आखडलेले. मशीनचं चाक बघितलं आणि आमच्या मालवणच्या घरातली आईची मशीन आठवली. मग तिचंच 1968 चं मोठं चित्र : व्यासपीठ, मायक्रोफोन, आणि समोर चेहरे वितळून गेलेली गर्दी. भाषण देणारा कुठेच नाही, त्याची जागा आपली. या चित्रावर क्रांतीविरोधी म्हणून टीका झाली आणि एइरिसने रंगवणं थांबवलं. भांडली नाही, पत्रकं काढली नाहीत. आपल्या वस्तीतल्या बायका-मुलांना कागदाच्या लगद्याच्या वस्तू करायला शिकवत राहिली, वर्षानुवर्षं. 1993 साली मायामीला गेली, तिथे पुन्हा ब्रश हातात घेतला आणि 1995 साली वारली. मला तिच्या त्या गप्प बसण्याचा फार त्रास झाला. चित्रापुढून हलावंसं वाटेना.

आणि मग आयोन. तिची चित्रं छापील पुस्तकांत मी शेकडो वेळा बघितली आहेत, पण पुस्तकात त्यांचा काळा रंग सपाट दिसतो. समोर उभं राहिल्यावर कळतं की त्या काळ्यात सात-आठ काळे आहेत. एक राखेसारखा, एक ओल्या खडकासारखा, एक असा की बोट लावलं तर काळं होईल असं वाटावं. माणसाच्या आकृतीच्या अंगावर माशाचे खवले आहेत, एकेक खवला पुठ्ठ्यातून वेगळा कापलेला. कड कुठे किंचित उचलली गेली आहे तिथे शाई साचून बारीक काळी रेघ उमटलीय. ही रेघ आम्ही शिकवताना 'चूक' म्हणून दाखवतो. तिने तिचा खवल्याला कडा द्यायला उपयोग करून घेतला आहे. चेहरा पांढरा, बदामासारखे मोठे डोळे, थेट आपल्यावर रोखलेले. आणि नाकाखाली काहीही नाही. तोंडच नाही.

भाची हळूच म्हणाली, "मावशी, ही बघतेय आपल्याकडे." मी म्हटलं, "आता खाली बस, तुला हिची गोष्ट सांगते."

ती गोष्ट चौथ्या दिवशी सांगते, कारण ती जिथली आहे तिथे आम्ही त्या दिवशी गेलो.

तिसरा दिवस

जुन्या हवानात कॅथेड्रलच्या बाजूलाच, सान इग्नासिओ आणि एम्पेद्रादो या रस्त्यांच्या कोपऱ्यावर विफ्रेदो लाम केंद्र आहे. 1983 साली स्थापन झालं आणि 1984 साली पहिली हवाना बिएनाले भरली. ही बिएनाले आपल्यासारख्या देशांसाठी महत्त्वाची आहे. युरोप-अमेरिकेकडे पाठ न फिरवता, पण त्यांच्या परवानगीची वाटही न बघता, लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशियातल्या चित्रकारांना एका छताखाली आणण्याचं काम तिने केलं, तेही पैसा नसताना. आम्ही गेलो तेव्हा पंधरावी बिएनाले शेवटच्या टप्प्यात होती, शहरभर विखुरलेली. बरंच काही विजेअभावी बंद होतं. व्हिडिओ दाखवायच्या खोलीत काळा पडदा आणि पुढ्यात एक रिकामी खुर्ची.

केंद्राच्या अंगणात मी मुद्दाम थांबले. 2009 सालच्या मार्च महिन्यात, दहाव्या बिएनालेत, तानिया ब्रुगेरा या क्युबन कलावतीने याच अंगणात एक व्यासपीठ मांडलं होतं. मागे सोनेरी-तपकिरी पडदा, समोर मायक्रोफोन. कोणीही यावं, एक मिनिट बोलावं, काय वाटेल ते. लष्करी गणवेशातली दोन माणसं बोलणाऱ्याच्या खांद्यावर पांढरं कबूतर ठेवायची आणि मिनिट संपलं की त्याला खाली उतरवायची. कबूतर का, ते क्युबात कोणाला सांगावं लागत नाही : 8 जानेवारी 1959 ला फिदेल कास्त्रो भाषण देत असताना त्यांच्या खांद्यावर एक पांढरं कबूतर येऊन बसलं होतं. त्या संध्याकाळी पहिली बाई व्यासपीठावर चढली आणि बोललीच नाही. नुसती रडली. मिनिटभर. मग लोक येत गेले, कोणी स्वातंत्र्य मागितलं, कोणी ओरडलं.

काल बघितलेलं एइरिसचं व्यासपीठ आणि हे व्यासपीठ, मध्ये 41 वर्षं. तिथे वक्ता नव्हता, इथे वक्त्याला शब्द फुटेना. अंगणात आता कुंडीतली झाडं होती आणि एक शिपाई पेपर वाचत बसला होता.

2014 च्या डिसेंबरमध्ये ब्रुगेराने हाच मायक्रोफोन क्रांती चौकात मांडायचा ठरवला, तर तिला आधीच अटक झाली, पासपोर्ट काढून घेतला. 2015 च्या मे महिन्यात ती तेहादिल्यो रस्त्यावरच्या आपल्या घरात तत्त्वज्ञ हाना आरेंटचं सर्वंकष सत्तेवरचं पुस्तक सलग 100 तास मोठ्याने वाचायला बसली, आणि नेमका तेव्हाच घरासमोरचा रस्ता खोदायचं काम निघालं. ड्रिलच्या आवाजात वाचन चालू. तो रस्ता केंद्रापासून पाच मिनिटांवर आहे. आम्ही तिथून चालत गेलो. ती आता तिथे राहत नाही, 2021 साली तिने देश सोडला.

मला ब्रुगेराची सगळीच कामं सारखी आवडतात असं नाही. काही ठिकाणी तिची कल्पना चित्रापेक्षा मोठ्याने बोलते. पण 1997 साली ती आपल्या घरात गळ्यात कापलेलं मेंढरू अडकवून उभी राहिली आणि क्युबाची माती मिठाच्या पाण्यात कालवून गोळा-गोळा खात राहिली, ते काम मी विसरू शकत नाही. स्पॅनिश लोक आल्यावर इथल्या मूळ रहिवाशांनी माती खाऊन जीव दिला, अशी एक कथा आहे, तिच्यावरून ते सुचलेलं. आपल्याकडे कृष्णाने माती खाल्ली तर यशोदेला त्याच्या तोंडात ब्रह्मांड दिसलं. इथे माती खाऊन तोंड बंद करायचं. भाचीला मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

दुपारी कॅथेड्रलसमोरच्या चौकाला लागून असलेल्या बोळात, कायेहोन देल चोर्रो इथल्या ग्राफिक कार्यशाळेत गेलो. 1962 पासूनची ही कार्यशाळा. आत शिरल्याबरोबर टर्पेंटाइनचा वास आला आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. भिंतीशी लिथोग्राफीचे दगड पुस्तकांसारखे उभे रचलेले होते. यांतले कितीतरी दगड शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीहून आले, सिगारच्या डब्यांवरची सोनेरी, झगमगीत लेबलं छापायला. तो धंदा ऑफसेटने संपवला आणि दगड चित्रकारांच्या हाती आले.

मी बॅग उघडली. पॉलिश पेपरच्या गड्ड्या टेबलावर ठेवल्या. तिशीच्या आतली एक मुलगी प्रेसवर काम करत होती. तिने हात पुसले, 80 नंबरचा एक कागद उचलला, डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "हा चांगला काळा देईल." भाषांतराची गरजच पडली नाही, तिचा हात बघून कळलं. मग आम्ही दोघी तासभर पुठ्ठे, वार्निश आणि कागद भिजवायच्या वेळेवर बोलत बसलो, भाची मध्ये बसून दमून गेली. ती मुलगी आपल्या गुरूंची, सोबत्यांची कामं दाखवत होती. एकेका चित्रावर बोट ठेवायची आणि शेवटी तेच दोन शब्द : "से फुए." गेला. गेली. माद्रिदला, मायामीला, मेक्सिकोला. दहा चित्रं बघितली, त्यांतली सात गेलेल्यांची.

निघताना म्हणाली, "शनिवारी या. तोवर तुमच्या कागदाचं काहीतरी करते."

चौथा दिवस

रेग्ला. बंदराच्या पलीकडचं गाव. जुन्या हवानातून छोटी लाँच जाते, दहा मिनिटांचं पाणी. चढण्याआधी बॅगा तपासतात, कारण ही लाँच याआधी पळवली गेली आहे. 2003 साली पळवणाऱ्यांपैकी तिघांना गोळ्या घातल्या. लाँचमध्ये बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मला भाऊच्या धक्क्याची आठवण झाली, तसाच डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास.

रेग्लाच्या चर्चमध्ये काळ्या वर्णाची मारिया आहे, निळ्या वस्त्रात. तीच येमाया, समुद्राची देवी. दोघी एकाच मूर्तीत नांदतात आणि भक्तांना त्यात काही अडचण वाटत नाही. याच रेग्लात 1836 साली आबाक्वा या पुरुषांच्या गुप्त मंडळीची सुरुवात झाली. आजच्या नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवरून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ती आपल्याबरोबर आणली. तिच्यात बाईला प्रवेश नाही. पण तिच्या मुळाशी एक बाईच आहे.

सिकान नावाची राजकन्या नदीवर पाणी भरायला जाते. घागरीत तिच्या नकळत एक मासा येतो, तान्से नावाचा, पवित्र आवाज असलेला. डोक्यावरच्या घागरीतून तो आवाज घुमतो. गुपित बाईच्या कानी पडलं. तिला शपथ घालतात, कोणाला सांगायचं नाही. ती आपल्या प्रियकराला सांगते, आणि तिला ठार मारतात. मासाही मरतो, आवाज जातो. तो परत मिळावा म्हणून ढोल मढवतात, सिकानचं कातडं वापरतात. ढोल वाजतो, पण तो आवाज काही पुन्हा येत नाही.

आयोनने विद्यार्थिनी असतानाच ही गोष्ट हाती घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. पुरुषांच्या या गुपिताला चित्रं अशी फारशी नव्हतीच, खुणा होत्या. तिने पुस्तकं वाचली, मंडळीतल्या लोकांना विचारलं, आणि आकृत्या स्वतः रचल्या. सिकानसाठी स्वतःच्या शरीराची बाह्यरेषा वापरली. तिच्या 'ला सेना'मध्ये, म्हणजे शेवटच्या जेवणाच्या चित्रात, टेबलामागे येशूच्या जागी सिकान आहे. जेवायला बसलेल्या कोणालाच तोंड नाही. बोलली म्हणून मारली गेलेली बाई, आणि तिच्याभोवती तोंड नसलेली माणसं.

11 सप्टेंबर 1999 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, आयोनने स्वतःवर गोळी झाडून घेतली. का, याचं उत्तर तिच्या चित्रांत शोधायचा मोह सगळ्यांना होतो. मी वर्गात मुलांना तसं करू देत नाही. चित्रं तिच्या मरणाची चिठ्ठी नाहीत, ती तिच्या कामाची दहा-बारा वर्षं आहेत.

चर्चच्या मागे भिंतीवर एक म्हातारे आजोबा गळ टाकून बसले होते. आमच्याकडे त्याला गरी म्हणतात. परतल्यावर एका कलादालनात योआन कापोतेचा 'इस्ला' मालिकेतला कॅनव्हास बघितला आणि ती गरी माझ्या डोळ्यांपुढून जाईना. लांबून बघाल तर नुसता समुद्र. राखाडी, लाटांवर उजेड पडलेला, क्षितिज सरळ. जवळ गेल्यावर कळतं की लाट ही लाट नाही, हजारो गळ आहेत, एकाला एक लागून ठोकलेले, टोकं वर. मी नाक लावून बघितलं. काही गळ आकड्याच्या बुडाशी लालसर गंजलेले होते, तिथे पाण्याला संध्याकाळचा रंग आला होता. प्रत्येक गळाचं टोक माझ्याकडे. मी मासेमारीच्या गावात वाढले, लहानपणी असा एक गळ माझ्या अंगठ्यात रुतला होता. आत जातो सहज, बाहेर काढताना मांस फाडतो. बेटावरच्या माणसाला समुद्र कसा दिसतो, ते मला त्या कॅनव्हासपुढे अंगठ्यात कळलं.

समुद्र इथल्या चित्रकारांचा सगळ्यात मोठा विषय आहे. 1994 सालच्या मे महिन्यात पाचव्या बिएनालेत काचो या कलावंताने 'रेगाता' मांडलं : जमिनीवर शेकडो होड्या, खेळण्यातल्या, लाकडाच्या ढलप्यांच्या, जुन्या चपलांच्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, पस्तीसेक हजार माणसं टायर, दारं, फळकुटं बांधून खरोखरच समुद्रात उतरली. हाच काचो पुढे सरकारच्या जवळ गेला, संसदेत बसला. आणि 2015 साली त्यानेच आपल्या रोमेरियो वस्तीतल्या स्टुडिओत सगळ्यांना फुकट वायफाय दिलं, जेव्हा हवानात ते कुठेच नव्हतं. लोक फुटपाथवर बसून परदेशातल्या मुलांशी बोलायचे. माणूस एका रंगाचा नसतो. सांद्रा रामोसने 1993 च्या एका छापचित्रात स्वतःच्या आडव्या देहाचंच बेट केलं, अंगावर ताडाची झाडं, चारी बाजूंनी पाणी. मला काचोच्या ताफ्यापेक्षा ते छोटं चित्र जास्त जवळचं वाटतं.

रात्री पुन्हा आपागोन. गच्चीत घरमालकीणबाईंना भाचीने चित्रकारांबद्दल विचारलं. बाई मोकळ्या बोलत होत्या, पण एका जागी आल्या की नाव घेत नव्हत्या, हनुवटीवरून हात खाली फिरवायच्या, जणू दाढी कुरवाळतायत. म्हणजे फिदेल. इथे सगळ्यांना ही खूण कळते. सान इसिद्रो वस्तीतल्या लुइस मानुएल ओतेरो आल्कांतारा या कलावंताचा विषय निघाला तेव्हा त्या उठल्या, गच्चीच्या कठड्यावरून खाली गल्लीत बघून आल्या आणि मग बसल्या. 2018 सालच्या 349 क्रमांकाच्या फर्मानाने सरकारी मान्यतेशिवाय कला दाखवणं गुन्ह्यासारखं झालं, त्याविरुद्ध तो आणि त्याचे सोबती उभे राहिले. 27 नोव्हेंबर 2020 ला शेकडो तरुण कलावंत संस्कृती मंत्रालयासमोर रात्रीपर्यंत उभे होते. 11 जुलै 2021 ला त्याला पकडलं, 2022 साली पाच वर्षांची शिक्षा झाली. आम्ही गच्चीत बसलो होतो त्या रात्री तो तुरुंगात होता. बाई एवढंच म्हणाल्या, "तो इथल्याच गल्लीतला पोरगा." मेणबत्ती विझवली आणि झोपायला गेल्या.

पाचवा दिवस

शहराच्या पश्चिमेला, पूर्वीच्या कंट्री क्लबच्या गोल्फच्या मैदानावर राष्ट्रीय कलाविद्यालयं आहेत. क्रांतीनंतर 1961 साली ठरलं, श्रीमंतांच्या या हिरवळीवर जगातलं सुंदर कलाविद्यालय उभारायचं. तीन वास्तुविशारद : क्युबाचा रिकार्दो पोर्रो, इटलीचे गारात्ती आणि गोत्तार्दी. अमेरिकेची नाकेबंदी सुरू झाली, लोखंड-सिमेंट मिळेना, म्हणून विटा. पातळ विटांचे थर एकावर एक रचून, गजाशिवाय, कॅटलन पद्धतीचे घुमट. पोर्रोने केलेल्या चित्रकलेच्या विभागात आम्ही शिरलो. कमानींची बोळकांडी वळत वळत जाते, पुढे काय आहे ते दिसत नाही, आणि एकदम चौक उघडतो. भोवती स्तनांच्या आकाराचे घुमट, वरून उजेड. मध्ये पपईसारखं कारंजं. पोर्रो म्हणायचा की ही वास्तू बाई आहे, आणि आफ्रिकन बाई आहे. एका घुमटाखाली मुलं मॉडेलवरून रेखाटन करत होती. मी नुसती टाळी वाजवली, आवाज डोक्यावर फिरून परत आला.

1965 साली काम अर्धवट थांबवलं. सोव्हिएत पद्धतीच्या ठोकळेबाज इमारतींपुढे हे सगळं उधळेपणा ठरलं. पोर्रो पॅरिसला गेला. गारात्तीला 1974 साली अटक करून देशाबाहेर काढलं. गोत्तार्दी राहिला, 2017 साली हवानातच वारला. गारात्तीच्या बॅले विद्यालयात बॅलेचे वर्ग कधी भरलेच नाहीत, घुमटांतून वेली लोंबतायत.

1976 पासून उच्च कला संस्था इथेच आहे. आयोन, ब्रुगेरा इथल्याच. 1990 नंतर साहित्य मिळेना तेव्हा इथल्या तीन विद्यार्थ्यांनी आसपासच्या ओसाड बंगल्यांतलं उंची लाकूड आणून कपाटं, चौकटी, फर्निचर करायला घेतलं, आणि लोक त्यांना लोस कार्पिंतेरोस म्हणू लागले. सुतार. विमानतळावरच्या त्या मुलाचा प्रश्न आठवला.

सहावा दिवस

मातान्सासला जायचं होतं, मारिया माग्दालेना काम्पोस-पोन्स या कलावतीच्या गावी. गाडीला पेट्रोल मिळाल्याचा निरोप सकाळी दहाला आला, पोचायला दुपार झाली. वाटेत ऊस पेरलेला कमी, झुडपं जास्त. एके काळी हा देश वर्षाला 80 लाख टन साखर करायचा, आता बाहेरून आणतो. काम्पोस-पोन्सचा जन्म इथल्याच ला वेगा या जुन्या साखर मळ्यावर, 1959 साली. पणजोबा नायजेरियाहून गुलाम म्हणून आलेले, घरात चिनी रक्तही. घरातल्या बायका दुसऱ्यांचे कपडे धुवायच्या, इस्त्री करायच्या. तिने 1998 साली इस्त्रीच्या टेबलांना उभं केलं, त्यांच्यावर घरातल्या बायकांचे फोटो उतरवले आणि जमिनीवर काचेच्या इस्त्र्या मांडल्या. 2019 साली तिने बिएनालेच्या निमित्ताने मातान्सासला रस्त्यांत, घरांत, नदीकाठी प्रदर्शन भरवलं होतं. नदी होती, पूल होते, उन्हात कपडे वाळत होते. इतकंच बघून परत फिरलो, कारण शनिवार होता आणि मला कार्यशाळेत पोचायचं होतं.

पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. मुलगी म्हणाली, "सातला वीज जाणार, लवकर या." प्रेस हाताचं होतं, विजेचा प्रश्न उजेडाचा होता. पुठ्ठा तयार होता. तिने शाई चोळली, आमचं कापड घेऊन गोल गोल पुसली, शेवटचा हात तळव्याने मारला. ओला कागद ठेवला, वर फेल्ट. चाक फिरवायला मला बोलावलं. आम्ही दोघींनी मिळून फिरवलं.

कागद उचलला. एका बाईचा चेहरा, खांद्यापर्यंत. डोळे मिटलेले. नाकाखाली, तोंडाच्या जागी, 80 नंबरचा एक चौकोन, कातरीने कापलेला, गच्च काळा. इतका काळा की कागद तिथे फुगल्यासारखा वाटत होता. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. खाली पेन्सिलीने 1/1 लिहिलं, म्हणजे एकुलती एक प्रत, आणि सही केली.

मी पैसे पुढे केले. तिने नको म्हटलं आणि टेबलावरच्या गड्ड्यांकडे बोट दाखवलं. कार्यशाळेच्या माणसाने चित्र देशाबाहेर न्यायचा कागद शिक्का मारून दिला. सातला पाच मिनिटं असताना दिवे गेले.

सातवा दिवस

विमानतळावर तोच तरुण अधिकारी नव्हता, दुसरा होता, वयाने मोठा. चित्राची नळी उघडायला सांगितली. चित्र टेबलावर पसरलं, दोन्ही कडांना माझी पाण्याची बाटली आणि त्याचा शिक्का ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग अंगठा काळ्या चौकोनावर टेकवला.

"काय आहे हे?"

"पॉलिश पेपर," भाची म्हणाली. "सुतार वापरतात तो."

त्याने अंगठा उचलून बघितला. तेलाची शाई, पुरी वाळायला दिवस लागतात. अंगठा काळा झाला होता. त्याने तो पँटला पुसला, चित्र सावकाश गुंडाळून नळीत घातलं, माझा परवान्याचा कागद घेतला आणि शिक्का मारून परत दिला. शिक्क्याशेजारी कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याची अर्धी काळी खूण उमटली होती.

कागद मी चित्रासोबतच ठेवला आहे.